फुरसुंगीचा फेणे पडद्यावर येतो तेव्हा

२७ ऑक्टोबर २०१७. दिवाळी होऊन आठवडा उलटला होता, बऱ्याच शाळांची सुट्टी अजून संपायची होती आणि महाराष्ट्रातल्या चित्रपटगृहांत ‘फास्टर फेणे’ लागला. त्याची वाट पाहणाऱ्यांत शाळकरी मुले होती आणि महाविद्यालयीन तरुणही होते, पण सर्वांत अधीर होते ते त्यांचे आई-बाप. सत्तर-ऐंशीच्या दशकांत ज्यांनी दुपारच्या उन्हात, जिन्याखाली किंवा वाचनालयाच्या बाकावर बसून भा. रा. भागवतांची पुस्तके संपवली होती, त्यांच्या डोक्यात बनेश फेणेचा चेहरा, चाल, आवाज सगळे पक्के झालेले होते. ते चित्र पडद्यावरच्या चित्राशी जुळते का, हे पाहायला ही पिढी आली होती. पुढच्या काही आठवड्यांत या चित्रपटावर जे बोलले आणि लिहिले गेले, त्याच्या मुळाशी एकच प्रश्न होता. शाळकरी मुलांच्या नायकाला मोठा करून पडद्यावर आणले, तर तो त्या मुलांचा राहतो का?

या प्रश्नाचे वजन कळण्यासाठी आधी पुस्तकांकडे जायला हवे.

भास्कर रामचंद्र भागवत यांचा जन्म १९१० मध्ये इंदूरला झाला आणि २००१ मध्ये ते गेले. जवळजवळ अख्खे विसावे शतक पाहिलेल्या या लेखकाने आयुष्याचा मोठा भाग मुलांसाठी लिहिण्यात घालवला. त्यांनी ‘बालमित्र’ हे मासिक चालवले, ज्यूल व्हर्नच्या साहसकथा मराठीत आणल्या आणि मराठी मुलांना समुद्राच्या तळापासून चंद्रापर्यंत फिरवून आणले. त्यांच्या पत्नी लीलावती भागवत यादेखील बालसाहित्यातल्या मान्यवर लेखिका. परक्या भूमीवरची साहसे मराठी वळणात आणता आणता भागवतांनी एक अस्सल देशी साहसवीर उभा केला. पुण्याजवळच्या फुरसुंगीचा, पुण्यात विद्याभवन शाळेत शिकणारा, किडकिडीत अंगाचा, सायकलवर सुसाट सुटणारा बनेश फेणे. जिभेने ‘ट्टॉक्’ असा आवाज काढायची त्याची सवय मराठी मुलांनी इतकी उचलली की घराघरांत आयांचे कान किटले असतील.

या मालिकेत वीस पुस्तके आहेत. ‘फुरसुंगीचा फास्टर फेणे’, ‘प्रतापगडावर फास्टर फेणे’, ‘चक्रीवादळात फास्टर फेणे’, ‘गुलमर्गचे गूढ आणि फास्टर फेणे’, ‘विमानचोर विरुद्ध फास्टर फेणे’, ‘फास्टर फेणेचा रणरंग’ ही नुसती नावे वाचली तरी त्याचा पल्ला ध्यानात येतो. पुण्याच्या गल्लीतून निघालेला हा मुलगा काश्मीरपर्यंत पोहोचतो, चोरांचा माग काढतो, संकटात उडी घेतो. त्याच्याकडे पिस्तूल नाही, खास विद्या नाही, श्रीमंत काका नाही. त्याच्याकडे आहेत पाय, सायकल, तल्लख डोके आणि नको तिथे नाक खुपसायची खोड. सुभाष देसाईसारखा मित्र आणि मालीसारखी बहीण सोबतीला असतात. वाचणाऱ्या मुलाला वाटायचे की आपणही हे करू शकतो. भागवतांची सगळी कमाई या विश्वासात होती आणि रूपांतराची खरी अडचणही तिथेच होती.

फेणे कॅमेऱ्यासमोर आला तो सर्वप्रथम छोट्या पडद्यावर. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर त्याच्यावर मालिका झाली आणि त्यात बनेशची भूमिका सुमीत राघवन यांनी केली. १९७१ मध्ये जन्मलेले राघवन तेव्हा खरोखरच त्या वयाचे होते. घरात एकच वाहिनी दिसायची तो हा काळ. त्यामुळे एका पिढीच्या मनात फेणेचा चेहरा म्हणून कोवळा सुमीत राघवन कायमचा बसला. पुढे ते रंगभूमी, मालिका आणि चित्रपटांत मोठे नट झाले, तरी त्यांची ती पहिली ओळख पुसली गेली नाही. २०१७ च्या चित्रपटाला पुस्तकातल्या फेणेशी तर सामना करायचा होताच, शिवाय या चेहऱ्याशीही.

मग मोठ्या पडद्यावर यायला इतका काळ का लागला? मराठी चित्रपटसृष्टीचे अर्थकारण हे याचे पहिले कारण. ‘श्यामची आई’ला १९५४ साली पहिल्या राष्ट्रीय पुरस्कारांत राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले खरे, पण मुलांसाठी सातत्याने चित्रपट काढणारी व्यवस्था महाराष्ट्रात उभी राहिली नाही. मुले स्वतः तिकीट काढत नाहीत, त्यांना आणणारे मोठे लागतात आणि त्या मोठ्यांनाही दोन तास बसवून ठेवावे लागते. साहसकथेला पाठलाग, मारामाऱ्या, बाहेरगावची चित्रणे लागतात, म्हणजे खर्च वाढतो. २००९ मध्ये दिलीप प्रभावळकरांच्या पुस्तकांवरून ‘बोक्या सातबंडे’ आला. २०१२ आणि २०१३ मध्ये वृत्तपत्रातल्या चित्रमालिकेतला ‘चिंटू’ दोनदा पडद्यावर आला. या चित्रपटांनी वाट दाखवली, तरी ती राजरस्ता झाली नाही.

दुसरे कारण निर्मात्याचे होते. असा विषय अंगावर घेणारा, पैसा आणि प्रसिद्धी दोन्ही उभे करू शकणारा कोणीतरी हवा होता. ते काम रितेश देशमुख आणि जेनेलिया देशमुख यांच्या मुंबई फिल्म कंपनीने केले. या कंपनीचा पहिला मराठी चित्रपट २०१३ चा ‘बालक-पालक’. वयात येणाऱ्या मुलांच्या कुतूहलावरचा हा चित्रपट प्रेक्षकांनी उचलून धरला. पाठोपाठ ‘यलो’ आणि ‘लय भारी’ आले. मुलांचे भावविश्व आणि गल्ल्याचे गणित या दोन्ही गोष्टींचा अनुभव असलेल्या या कंपनीने झी स्टुडिओजच्या साथीने ‘फास्टर फेणे’ हाती घेतला. दिग्दर्शक आदित्य सरपोतदार. ‘नारबाची वाडी’ आणि ‘क्लासमेट्स’ त्यांच्या नावावर होते. लेखक क्षितिज पटवर्धन, ‘क्लासमेट्स’ आणि ‘डबल सीट’चे.

या चमूने जो निर्णय घेतला, त्यावर पुढची सगळी चर्चा उभी राहिली. बनेश फेणे आता शाळेत नव्हता. तो वैद्यकीय प्रवेश परीक्षेसाठी पुण्यात आलेला तरुण होता आणि ती भूमिका करणार होता अमेय वाघ. ‘दिल दोस्ती दुनियादारी’ या मालिकेने घरोघरी पोहोचलेला आणि त्याच वर्षी ‘मुरांबा’मध्ये गाजलेला हा नट तेव्हा तिशीच्या उंबरठ्यावर होता.

निर्णयामागचा विचार कळण्यासारखा आहे. ज्यांनी पुस्तके वाचली ती पिढी मोठी झाली होती आणि तिच्या मुलांपैकी अनेकांना फेणे ठाऊकच नव्हता. नायक तरुण केला की महाविद्यालयीन प्रेक्षक येतो, गुन्ह्याची तीव्रता वाढवता येते, धावपळ आणि झटापट पटण्याजोगी होते. शिवाय दोन हजार सतराचे पुणे म्हणजे भागवतांचे सायकलींचे पुणे नव्हे. शाळकरी पोराने एकट्याने शहरभर भटकत गुन्हेगारांच्या अड्ड्यात शिरावे, हे आजच्या पालकाच्या गळी उतरवणे अवघड.

जगात इतरत्रही हा पेच आलेला होता. इंग्लंडच्या अँथनी होरोविट्झ यांनी २००० मध्ये ‘स्टॉर्मब्रेकर’ या कादंबरीतून अॅलेक्स रायडर हा चौदा वर्षांचा हेर आणला आणि मुलांनी ती मालिका डोक्यावर घेतली. २००६ मध्ये त्यावर चित्रपट निघाला. पटकथा खुद्द लेखकाची, सोबत बिल नाय, युअन मॅकग्रेगर, मिकी रूर्क असे नामवंत, आणि नायक ॲलेक्स पेटीफर खरोखरीचा किशोर. तरीही समीक्षकांना तो जेम्स बाँडची लहान आवृत्ती वाटला, अमेरिकेत तो मोजक्या पडद्यांवरच लागला आणि सुमारे ४ कोटी डॉलर खर्चून जगभरची कमाई त्याहून बरीच कमी झाली. पुढचे भाग निघालेच नाहीत. २०२० मध्ये याच कथांवर मालिका आली ती अधिक गंभीर सुरात, वयाने थोड्या मोठ्या वाटणाऱ्या नायकासह, आणि तिचे स्वागत पुष्कळ चांगले झाले. भारतात ‘फास्टर फेणे’च्या तीनच महिने आधी, जुलै २०१७ मध्ये, अनुराग बासूंचा ‘जग्गा जासूस’ येऊन गेला होता. तिशी ओलांडलेला रणबीर कपूर त्यात किशोर गुप्तहेर झाला होता. संगीताचे कौतुक झाले, पण प्रेक्षकांनी त्या महागड्या चित्रपटाकडे पाठ फिरवली. बंगालमध्ये सत्यजित राय यांना १९७४ च्या ‘सोनार केल्ला’त हा प्रश्न पडला नाही, कारण त्यातला गुप्तहेर फेलूदा मुळातच प्रौढ होता, किशोरवयीन तोपशे त्याचा साथीदार होता आणि लेखक-दिग्दर्शक एकच होते. मराठी चमूपुढे यांतली कोणतीच सोय नव्हती.

चित्रपटाची कथा पुस्तकांतली नाही. परीक्षेच्या वेळी बनेशची धनेश नावाच्या मुलाशी ओळख होते. मग धनेश मेल्याची बातमी येते आणि ती आत्महत्या म्हणून निकालात निघते. बनेशला ते पटत नाही. पत्रकार अबोली (पर्ण पेठे) आणि रस्त्यावरचा चुणचुणीत पोरगा भूभू (शुभम मोरे) यांच्या साथीने तो खणत जातो आणि प्रवेश परीक्षांच्या मोठ्या गैरव्यवहारापर्यंत पोहोचतो. त्याच्या मुळाशी बसलेला आहे अप्पा (गिरीश कुलकर्णी).

हा विषय हवेतून आलेला नव्हता. शेजारच्या मध्य प्रदेशातला व्यापमं घोटाळा २०१३ पासून देशभर गाजत होता. त्यात वैद्यकीय प्रवेशाच्या परीक्षेला खऱ्या विद्यार्थ्याऐवजी दुसऱ्यालाच बसवल्याचे प्रकार उघडकीस आले होते आणि त्या प्रकरणाशी संबंधित अनेकांच्या मृत्यूंनी संशय वाढवला होता. महाराष्ट्रात २०१६ मध्ये राज्याची परीक्षा की देशपातळीवरची ‘नीट’, या गोंधळाने हजारो घरांची झोप उडवली होती. खासगी शिकवण्यांचे फलक गावोगाव लागले होते. भागवतांच्या फेणेपुढे विमानचोर होते, या फेणेपुढे त्याच्याच वयाच्या मुलांचे भविष्य विकणारी टोळी होती. रूपांतरकारांनी इथे नेमकी नस पकडली. आपल्या काळातला अन्याय ओळखून त्याच्यामागे धावायचे, हा पुस्तकातल्या फेणेचा स्वभावच होता.

आणखी एक कल्पक बदल त्यांनी केला. खुद्द भा. रा. भागवत हे पात्र म्हणून चित्रपटात आले. बनेश त्यांच्या घरी उतरतो आणि त्याच्या उद्योगांतून लेखकाला कथा मिळते. ही भूमिका दिलीप प्रभावळकरांकडे गेली. बोक्या सातबंडेच्या जनकाने फास्टर फेणेच्या जनकाचे काम करावे, हा योग मराठी बालसाहित्याच्या वाचकांना सुखावून गेला.

चित्रपट ज्या बाजारात उतरला तो सोपा नव्हता. आदल्याच आठवड्यात ‘गोलमाल अगेन’ आणि ‘सीक्रेट सुपरस्टार’ प्रदर्शित झाले होते आणि बहुपडदा चित्रपटगृहांचे बरेच खेळ त्यांनी व्यापले होते. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला. तोवर मराठी चित्रपटांना राज्यात करमणूक करातून सूट होती. आता शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावर १८ टक्के आणि त्यावरच्या तिकिटावर २८ टक्के कर बसू लागला. चौघांच्या कुटुंबाने पाहण्याच्या चित्रपटाला हा भार जास्तच जाणवतो.

मिरा-भाईंदरसारख्या शहरात या अडचणींना आणखी एक पदर असतो. २०११ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या ८ लाखांवर होती. पश्चिम रेल्वेच्या मिरा रोड आणि भाईंदर या दोन स्थानकांभोवती वाढलेल्या या वस्तीत मराठीच्या जोडीला गुजराती, राजस्थानी, हिंदी, उर्दू बोलणारी कुटुंबे एकाच इमारतीत राहतात. इथल्या चित्रपटगृहवाल्याला हिंदी चित्रपटाचा हमखास ग्राहक दिसतो आणि मराठी चित्रपटाला अडनिडी वेळ मिळण्याचा धोका सदैव राहतो. एप्रिल २०१५ मध्ये राज्य सरकारने बहुपडदा चित्रपटगृहांत मराठी चित्रपटांना मोक्याच्या वेळा द्याव्यात असा निर्णय जाहीर केला आणि दुपारी १२ ते रात्री ९ ही वेळ ठरली, ती याच तक्रारीतून. मात्र खेळ किती ठेवायचे आणि किती दिवस टिकवायचे हे अखेर गर्दीच ठरवते. तेव्हा नाटकासाठी बोरिवलीच्या प्रबोधनकार ठाकरे नाट्यगृहाकडे पाहणाऱ्या इथल्या मराठी घरांना घराजवळ सोयीच्या वेळी मराठी चित्रपट मिळणे ही साधी गोष्ट नव्हती. मुलांचा चित्रपट रात्री उशिरा लागला तर तो मुलांपर्यंत पोहोचतच नाही.

समीक्षकांची प्रतिक्रिया एकंदरीत अनुकूल होती. सर्वाधिक कौतुक झाले ते दोघांचे. अमेय वाघची शिडशिडीत अंगकाठी, चौकटीचा शर्ट आणि पाऱ्यासारखी चपळ देहबोली यांमुळे वय वाढूनही फेणे ओळखू आला. आणि गिरीश कुलकर्णी. ‘देऊळ’साठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवलेल्या या नटाने आरडाओरडा न करता, गोड बोलत अंगावर काटा आणणारा खलनायक उभा केला. साहसपटाची उंची बऱ्याचदा खलनायक ठरवतो आणि इथे तो भक्कम होता. चित्रपटाची तांत्रिक सफाई, पुण्याचे रात्रीचे रूप आणि पळत राहणारी गती यांचीही दखल घेतली गेली. मराठीत रहस्य-साहसपट कमी येतात, त्यामुळे हा प्रयत्न ताजा वाटला.

आक्षेपही होते आणि ते गंभीरपणे घ्यावेत असे होते. खलनायक लवकर कळल्यामुळे रहस्य उरत नाही, उरतो तो पाठलाग. काही ठिकाणी योगायोग फार सोयीचे होतात. पण मुख्य आक्षेप वेगळाच होता. खून, धमक्या आणि क्रौर्य यांमुळे चित्रपट इतका गडद झाला की आठ-दहा वर्षांच्या मुलांना तो कितपत दाखवावा, असा विचार पालकांना करावा लागला. ज्या वयात भागवतांची पुस्तके हातात पडतात, नेमके तेच वय बाहेर राहिले.

प्रेक्षकांत पुढे तीन सूर ठळकपणे दिसले. जुन्या वाचकांपैकी काहींना आपला फेणे हरवल्यासारखे वाटले. फुरसुंगी, विद्याभवन, सुभाष आणि माली यांच्या जागी प्रवेश परीक्षा, पत्रकार मैत्रीण आणि सराईत गुन्हेगार आले होते. त्यांना हवी होती ती शाळेची घंटा आणि सुट्टीतली भटकंती. दुसऱ्या वाचकांनी हे बदल मनापासून स्वीकारले. आपण वाढलो तसा फेणेही वाढला, असा त्यांचा भाव होता. ‘ट्टॉक्’ ऐकू आले आणि प्रभावळकरांचे भागवत दिसले की त्यांचे मन भरून येत होते. तिसरा सूर पुस्तकाचा गंधही नसलेल्या तरुणांचा. त्यांच्यासाठी हा अमेय वाघचा एक वेगवान चित्रपट होता आणि परीक्षांच्या बाजाराची गोष्ट त्यांच्या स्वतःच्या आयुष्याला भिडत होती.

या तिन्ही सुरांना न्याय द्यायचा तर एक गोष्ट मान्य करावी लागते. चित्रपटाने फेणेचे वय बदलले, पण त्याचा पिंड बदलला नाही. पोलिसांनी फाइल बंद केल्यावरही ज्याला प्रश्न सुटलेला वाटत नाही, ओळख जेमतेम एका भेटीची असूनही मेलेल्या मुलासाठी जो धावतो, तो भागवतांचाच बनेश आहे. अॅलेक्स रायडरच्या पहिल्या चित्रपटात वय पुस्तकाबरहुकूम होते, तरी त्यावर बाँडची छाया पडली. इथे वय बदलूनही नायक स्वतःच्या पायावर उभा राहिला. म्हणून मोठ्या प्रेक्षकांपुरते हे रूपांतर यशस्वी झाले, असे म्हणायला हरकत नाही. जुन्या वाचकांची हळहळ मात्र केवळ स्मरणरंजन म्हणून बाजूला सारता येत नाही. शाळकरी मुलाने जग बदलणारी कामगिरी करावी, ही भागवतांनी मुलांना दिलेली भेट होती. तो मुलगा पंचविशीतला दिसू लागला की बाकावर बसलेल्या दहा वर्षांच्या मुलीला त्याच्या जागी स्वतःला पाहणे कठीण जाते.

परिणामांचा हिशेब संमिश्र आहे. सरपोतदार आणि देशमुख २०१८ च्या ‘माऊली’त पुन्हा एकत्र आले. अमेय वाघ २०२२ मध्ये सरपोतदारांच्या ‘झोंबिवली’त दिसला. भयपट आणि विनोद यांची सांगड घालत सरपोतदार पुढे २०२४ च्या ‘मुंज्या’पर्यंत पोहोचले आणि कोकणातल्या लोककथेवरच्या या हिंदी चित्रपटाने देशभर मोठे यश मिळवले. वेग, भीती आणि हलकेफुलकेपणा एकत्र बांधायचा त्यांचा हात ‘फास्टर फेणे’त चांगला बसला होता. ज्या घरांत पुस्तके अडगळीत गेली होती तिथे चित्रपटाच्या निमित्ताने बनेशची आठवण निघाली.

फेणेचा दुसरा चित्रपट मात्र पुढच्या सात-आठ वर्षांत आला नाही. वीस पुस्तकांचा ऐवज तसाच पडून आहे. शाळकरी मुले चित्रपट पेलू शकत नाहीत, हे कारण आता पुढे करता येणार नाही. २०१४ च्या ‘एलिझाबेथ एकादशी’ने पंढरपूरच्या मुलांच्या आणि एका सायकलच्या जोरावर राष्ट्रीय पुरस्कार मिळवला, ‘किल्ला’ने कोकणातल्या एका मुलाचे एकटेपण जगभरच्या महोत्सवांत नेले. बाल कलाकारांची उणीव नाही, दिग्दर्शकांचीही नाही. तेरा-चौदा वर्षांचा बनेश, सोबत सुभाष आणि माली, प्रतापगडाची चढण किंवा चक्रीवादळाची रात्र, आणि सुट्टीच्या दिवसांत मिरा रोडपासून लातूरपर्यंत दुपारचे खेळ, एवढ्यावर एक चित्रपट उभा राहू शकतो. २०१७ च्या चमूने फेणेला पुन्हा माणसांत आणले, आता त्याला मुलांत परत आणायचे काम बाकी आहे.